शिशाच्या गाईची धार

रामवाडी

कीर्ती मॅडमनी फोनवर सांगितलं होतं ते असं : “पेणला रामवाडीला उतर. मीही त्याच रस्त्याने येतेय. पण तुला गाडीत घेता येणार नाही, गाडीत गाय आहे. आपण नुसतं भेटू, मग तू रोह्याची एसटी पकड.”

मी परभणी जिल्ह्यातल्या एका लहान गावाची. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. त्यामुळे मोठी माणसं काही बोलली आणि कळलं नाही, तर ‘कळलं नाही’ म्हणायला मी चटकन धजत नाही. गाडीत गाय आहे म्हणजे टेम्पो असणार, असं धरून मी स्टँडबाहेर उभी राहिले आणि मुंबईकडून येणाऱ्या प्रत्येक टेम्पोत वाकून बघत राहिले. एकात बर्फ होता, एकात प्लायवूड. एका टेम्पोवाल्याने तर थांबून विचारलं, “कुठं जायचंय ताई?” मी मान हलवून मागे सरकले.

मग एक पांढरी छोटी व्हॅन थांबली. तिच्यावर पिवळ्या चौकोनात काळ्या पाकळ्यांचं, किरणोत्साराच्या इशाऱ्याचं ते चिन्ह होतं, जे मी फक्त पुस्तकात पाहिलं होतं. मॅडम उतरल्या. फोनवरच्या आवाजापेक्षा बऱ्याच तरुण होत्या. मी त्यांच्या मागे गाडीत डोकावले.

“काय शोधतेस?”

“गाय,” मी म्हणाले.

त्या इतक्या हसल्या की ड्रायव्हर खाली उतरून आला. मागच्या बाजूला पट्ट्यांनी घट्ट बांधलेला एक ड्रम होता. त्याच्या आत शिशाची जाड पेटी आणि त्या पेटीत किरणोत्सारी मॉलिब्डेनम. दर आठवड्याला अशी एक पेटी येते आणि तिच्यातून रोज थोडं थोडं काढून घेता येतं, म्हणून या कामातली माणसं तिला गाय म्हणतात. ज्यांच्या छातीवर किरणं मोजायचा बिल्ला असतो तेच तिच्यासोबत प्रवास करू शकतात. माझ्याकडे बिल्ला नव्हता, म्हणून मी एसटीने.

मी का निघाले होते ते सांगते. माझ्या एम.एस्सी.चं शेवटचं सत्र प्रकल्पाचं आहे. रोह्याजवळच्या औद्योगिक वसाहतीत एक लहान प्रयोगशाळा आहे. नव्या औषधाला किरणोत्सारी खूण लावायची, ते उंदराला द्यायचं आणि औषध शरीरात नेमकं कुठं जातं ते कॅमेऱ्यात बघायचं, असं तिथलं काम. तिथं मला सहा महिने घ्यायला मॅडम तयार होत्या. पण त्यांचं वसतिगृह नाही. आणि आमच्या अण्णांनी एकच अट घातली होती : “कोणाच्या तरी घरच्या माणसांत राहणार असशील तर जाय. एकटी खोली घेऊन नाही.” म्हणून आधी आठवडाभर येऊन काम बघायचं आणि मॅडमच्या ओळखीने अष्टमीत जे घर मिळत होतं तिथं राहून बघायचं, असं ठरलं. घर जमलं तर प्रकल्प, नाहीतर नाही.

अष्टमी

रोह्यातून कुंडलिकेवरचा पूल ओलांडला की अष्टमी. आमच्या नदीत पावसाळ्यानंतर वाळू आणि बाभळी उरतात. इथं पौषातही पाणी होतं, त्यामुळे मी पुलावर उगाच थांबले. मागून सायकलवाल्याने घंटी वाजवली तेव्हा हलले.

घर काकींचं. काकी पन्नाशीच्या, ठेंगण्या, बोलणं मोकळं. मुलगा निलेश कंपनीत शिफ्टला जातो. सून सुवर्णा सात महिन्यांची गरोदर, पहिलं बाळंतपण. मागच्या बाजूची खोली भाड्याने द्यायची होती.

पहिल्याच सकाळी काकींनी मला न्हाणीतून बाहेर येताना अडवलं.

“आंघोळ झाली पण? बादली तर तशीच भरलेली हाय.”

“झाली काकी. आमच्याकडं एवढ्यातच होते.”

“इथं पाण्याला काय कमी हाय गो? जा, परत जा. अंग भिजू दे तरी.”

मी परत गेले. थंडीत दोनदा आंघोळ केली.

जेवायला तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं आणि सुकटीची चटणी. ज्वारीची भाकरी मी डोळे मिटून थापते, म्हणून मोठ्या धीटपणे म्हणाले की उद्याच्या मी करते. पण तांदळाच्या पिठाला उकड काढावी लागते, ते हाताखाली सरकतं, कडेला चिरतं. माझी पहिली भाकरी तव्यावर दोन तुकड्यांत पडली. सुवर्णा भिंतीला टेकून बसली होती. ती म्हणाली, “ऱ्हाऊ दे, एक तुला एक मला.” सुवर्णाचं माहेर पेणच्या खाडीकडचं, वडील मिठागरात काम करतात. ती बोलता बोलता वाक्य अर्धं सोडून हसायला लागते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मॅडमचा फोन आला. मी ओटीवर उभी राहून बोलले, “हो मॅडम, धार काढायच्या आधी पोचते.”

फोन ठेवते तो काकी मागेच.

“तुमच्या कंपनीत गाय हाय?”

“गाय म्हणजे, काकी…”

“मला वाटलं औषधं करतात. गाय ठेवली ती बरी केली. पोरगी शिकलेली आणि धार काढते, बघ गो सुवर्णा.” त्यांनी आतून स्टीलची किटली आणून माझ्या हातात दिली. “हिला पिशवीचं दूध चालत नाय, वास येतो बोलते. येताना थोडं आण. पैसे देईन मी, फुकट नको.”

बाहेर रिक्षावाला हॉर्न वाजवत होता. समजावून सांगायला मला सरळ दोन वाक्यं सुचेनात. मी किटली घेऊन रिक्षात बसले.

धार

प्रयोगशाळेत किटली टेबलावर ठेवली तेव्हा जे हसू झालं त्याचं वर्णन करत नाही. तिथले जनावरांचे डॉक्टर तर म्हणाले, “आमच्या गाईचं दूध पिशवीपेक्षा जास्त वास मारणार नाही, एवढं सांग त्यांना.”

गाईच्या खोलीच्या दारात एक बुटका बाक आडवा ठेवलेला आहे. त्याच्यावर बसायचं, बाहेरच्या चपला अलीकडे सोडायच्या, पाय उचलून पलीकडे न्यायचे आणि आतल्या चपला घालायच्या. आतली चप्पल कधी बाहेर येत नाही. मग झगा, दोन जोड हातमोजे आणि बिल्ला.

गाय म्हणजे प्रत्यक्षात काय, ते असं. पेटीतल्या मॉलिब्डेनमचं आपोआप टेक्निशियम होत राहतं. एका बाजूने मिठाचं पाणी आत जातं आणि दुसऱ्या बाजूच्या निर्वात बाटलीत ओढलं जातं. त्या पाण्यासोबत फक्त टेक्निशियम येतं, मॉलिब्डेनम आतच राहतं. काही तासांनी पेटीत पुन्हा टेक्निशियम साठतं. म्हणून गाय. दिसायला ते साधं पाणी असतं. मी जाड शिशाच्या काचेतून बघितलं, काही चमकत वगैरे नाही. दर सहा तासांनी त्याचा जोर अर्धा होतो, त्यामुळे धार काढल्यावर रेंगाळून चालत नाही.

औषध दुसऱ्या छोट्या बाटलीत, भुकटीच्या रूपात असतं. त्यात थोडा कथलाचा क्षार असतो, त्याच्यामुळे टेक्निशियम औषधाला धरून बसतं. मॅडमनी दाखवलं आणि मग म्हणाल्या, “आता तू कर.”

मी फार्मसीच्या प्रात्यक्षिकांत शिकले होते की बंद बाटलीतून द्रव काढायचा तर आधी तेवढीच हवा आत सोडायची, म्हणजे द्रव सहज येतो. हात आपोआप तसाच चालला. औषधाच्या बाटलीत धारेचं पाणी सोडताना मी सोबत हवाही सोडली.

मॅडमनी पुढचं काम हातात घेतलं. बाटली हलवून ठेवली, वेळ भरल्यावर त्यातला एक थेंब कागदाच्या पट्टीवर लावून ती द्रावणात उभी केली. मोकळं टेक्निशियम पट्टीवर वर चढतं, औषधाला धरलेलं खालीच राहतं. पट्टी मधोमध कापून दोन्ही तुकडे मोजले. वरच्या तुकड्याचा आकडा खालच्यापेक्षा मोठा आला.

“हवेने कथील खराब झालं,” त्या म्हणाल्या. “इथं हवा द्यायची नाही, उलट काढून घ्यायची.”

“आता उंदीर?”

“उंदराला हे देणारच नाही. याच्यासाठीच पट्टी आहे. हे दिलं असतं तर सगळं त्याच्या पोटात आणि गळ्यातल्या ग्रंथीत दिसलं असतं, आणि आपण म्हटलं असतं की औषध तिकडे जातं. खोटा फोटो आणि जनावर फुकट.”

ती बाटली शिशाच्या डब्यात गेली. मी दुपारी डबा खाल्ला नाही. डॉक्टरांनी विचारलं तर पोट बिघडलंय म्हटलं.

उतरत्या दुपारी गाईने पुन्हा थोडी धार दिली. मी पुन्हा केलं, या वेळी हवा काढून घेऊन. पट्टीचा वरचा तुकडा जवळजवळ कोरा आला. मग डॉक्टरांनी उंदराला भूल देऊन शेपटीच्या शिरेत औषध दिलं. उंदीर पांढरा, अंगाला गरम. पडद्यावर आधी नुसते ठिपके दिसले, मग हळूहळू ठिपक्यांतून कणा उमटला, बरगड्या, मागच्या पायांचे सांधे. औषध हाडात जातं की नाही हे बघायचं होतं. ते गेलं होतं.

मी डॉक्टरांना विचारलं, शेवटी उंदरांचं काय करता? ते म्हणाले, “पूर्वी दर टप्प्याला काही मारून बघावं लागायचं. आता त्याच उंदराचा पुन्हा पुन्हा फोटो घेतो, म्हणून कमी लागतात. पण अभ्यास संपला की भूल देऊन मारतो. सोडून देत नाही.” त्यांनी ते गोल गोल करून सांगितलं नाही, ते मला बरं वाटलं. फोटोतला कणा मात्र मला रिक्षात बसेपर्यंत दिसत होता.

रिकामी किटली

“दूध नाय दिलं?” काकींनी किटलीचं झाकण उघडून बघितलं.

मी सगळं सांगितलं. गाय म्हणजे पेटी, धार म्हणजे मिठाचं पाणी. सुवर्णा आतून ओरडली, “मिठाचं पाणी? माझ्या बाबांना सांगते, दुभती मिठागरं झाली आपली!”

काकी हसल्या नाहीत. “म्हणजे एक्स-रे सारखं?”

“थोडं तसं.”

“दवाखान्यात एक्स-रेच्या दारावर मोठ्या अक्षरात लिवलेलं असतं, बाई गरोदर असेल तर आधी सांगा. मी वाचलंय. आणि तू दिवसभर त्यात हात घालून माझ्या घरात येतेस, हिच्या बाजूला बसून जेवतेस?”

“हातमोजे असतात काकी. निघताना हातपाय मोजतात.”

“मोजतात ते तुझे. पोटातल्याचं कोण मोजणार?”

त्या संध्याकाळी माझं ताट ओटीवर आलं. आमच्या गावात मयताहून आलेला माणूस आंघोळ केल्याशिवाय घरात शिरत नाही आणि त्याचा कुणाला राग येत नाही. मीही राग धरला नाही. पण घर हातचं गेलं असं मनात पक्कं झालं.

सकाळी मॅडमना विचारलं. त्यांनी सगळं नीट सांगितलं : बाहेर पडताना यंत्र हात, पाय, कपडे तपासतं. काही राहिलं असेल तर पुन्हा धुवायला लावतं. त्यातूनही अगदी कणभर राहिलं, तरी ते तासातासाला कमीच होत जातं.

“मॅडम, गरोदर बाईला आपण त्या खोलीत घेतो?”

“नाही.”

“मग काकी चुकीचं बोलल्या का?”

मॅडमनी पेनाला टोपण लावून ते खाली ठेवलं. “नाही. खोलीत नेत नाही ते खरं आहे. खोली घरी जात नाही तेही खरं आहे. दोन्ही सांग. नुसतं दुसरं सांगून थांबू नकोस.”

मी दोन्ही सांगितलं. काकींनी ऐकून घेतलं. मग बाकाबद्दल विचारलं, कारण मी चपलांचं बोलताना त्याचा उल्लेख केला होता.

“तिथं चपला बदलता?”

“हो.”

“मग इथंपण बदल. मागच्या दारानं ये, हातपाय धू, कपडे बदल, मग आत. आणि तो बिल्ला दाखव बघू कसा असतो.”

बिल्ला प्रयोगशाळेतच ठेवावा लागतो, मी म्हणाले.

“मग तसा एक माझ्या घरात लाव. तुझ्या छातीवर असून मला काय उपयोग?”

हे मी मॅडमना हसत हसत सांगितलं. त्या हसल्या नाहीत. त्यांनी कपाटातून पेनासारखं एक मोजमापाचं यंत्र काढलं, खिशाला लावतात तसलं, आकडा दाखवणारं. शून्यावर आणलं, नोंद केली आणि मला दिलं. “जाशील तेव्हा परत आण.”

काकींनी ते स्वयंपाकघरात कॅलेंडरच्या खिळ्याला टांगलं. दुसऱ्या दिवशी मी कामावरून आले, मागच्या दाराशी पाय धूत होते, तर त्या दारातच उभ्या.

“एक झाला.”

“काय?”

“आकडा. सकाळी तू गेलीस तेव्हा शून्य होता. तू घरात नव्हतीस, मग केला कुणी?”

मी ओल्या पायांनीच सांगायला लागले. जमिनीतून, विटांतून, आभाळातून थोडी किरणं येतच असतात. सगळीकडे. आमच्या गावीही.

“म्हणजे माझ्या घरात हे आधीपासनंच हाय?”

“हो काकी. सगळ्यांच्याच घरात.”

“आणि आजपर्यंत कुणी बोललं नाय!” त्यांनी असं काही म्हटलं की जणू मीच ते लपवलं होतं. सुवर्णा आतून म्हणाली, “आई, मग दारावर लिवू या का मोठ्या अक्षरात?”

“तू गप.”

त्यानंतर काकी सकाळ-संध्याकाळ खिळ्यापाशी जाऊन बघायच्या. शेजारच्या बाईंनाही दाखवलं. रात्री मी घरात असताना आकडा वाढायचा, दिवसा मी नसताना वाढायचा. एकदा त्या मला ऐकू येईल अशा बेताने म्हणाल्या, “ही असली तरी तेवढाच, नसली तरी तेवढाच.” मी थांबले, पुढे काही म्हणतील म्हणून. त्या तांदूळ निवडायला बसल्या. माझं ताट त्या दिवशीही ओटीवरच होतं, पण सुवर्णा आपलं ताट उंबऱ्याच्या आतल्या बाजूला घेऊन बसली आणि जेवताना तिच्या शाळेतल्या बाईंची नक्कल करून दाखवली. काकींनी तिला उठवलं नाही.

पेण

माझा शेवटचा दिवस रविवार होता. यंत्र मी आदल्या दिवशी परत केलं. सामान बांधलं तरी काकी हो म्हणत नव्हत्या, नाही म्हणत नव्हत्या. सुवर्णाला त्याच दिवशी बाळंतपणासाठी माहेरी न्यायचं ठरलं होतं. माझ्या मनात आलं की ती गेली म्हणजे अडचण आपोआप सुटली. पण ती बाळ घेऊन याच घरात परत येणार होती आणि तेव्हाही मी मागच्या खोलीत असणार होते. अडचण होती तिथंच होती.

तेवढ्यात निलेशना फोन आला. शिफ्टचा माणूस आला नव्हता, त्यांना जावं लागणार होतं. ते शर्टाची बटणं लावत म्हणाले, “आई, उद्या नेऊ.”

“उद्या कसं? तिकडं वाट बघतायत. पाच बाया जेवायला सांगितल्यात तिच्या आईनं.”

“मग तू जा.”

“माझे गुडघे एसटीच्या पायऱ्या चढतात व्हय?”

मी पिशवी खांद्याला लावून उभी होते. मी नेते, असं म्हणायला तोंड उघडलं आणि बंद केलं. जिच्यावरून एवढं झालं, तिलाच घेऊन जाते असं मी कशी म्हणणार?

काकी आत गेल्या. बाहेर आल्या तेव्हा हातात सुवर्णाची बॅग होती. ती त्यांनी माझ्या दुसऱ्या खांद्याला अडकवली.

“पेणवरनंच जाणार ना तू? रामवाडीला तिची आई येईल. उतरताना हात धर हिचा. नागोठण्याला गाडी आदळते, तिथं पुढं धरायला लाव.”

“हो काकी.”

“आणि खिडकी तिला दे.”

एसटीत मी सुवर्णाला खिडकीशी बसवलं आणि स्वतः कडेला बसले. दोघींच्या मधे तिची बॅग ठेवली. गाडी गावाबाहेर आल्यावर तिने बॅगेकडे बघितलं.

“ही काय भिंत घातलीस?”

“नाही, म्हटलं तुला मोकळं बसता येईल.”

“काढ मधनं. मला गाडी लागते, टेकायला नको?”

मी बॅग पायाशी घेतली. ती माझ्या खांद्याला टेकली आणि नागोठणं यायच्या आत झोपली. बाहेर कापलेली भातखाचरं, त्यांत वालाचे हिरवे पट्टे. तिला हिसका बसू नये म्हणून मी पुढच्या सीटचा दांडा धरून ठेवला, हात भरून आला तरी बदलला नाही.

रामवाडीला तिची आई उभी होती. बरोबर सहा आसनी रिक्षा आणली होती. उन्हाने रापलेली, हातापायांची कातडी मिठाच्या पाण्याने भेगाळलेली. तिने लेकीच्या तोंडावरून हात फिरवला, मग माझ्याकडे बघितलं. “जावई नाय आले? ही कोण?”

“ही ज्योती,” सुवर्णा म्हणाली. “आमच्या मागच्या खोलीत ऱ्हाते. म्हणजे आता सहा महिने ऱ्हाणार हाय.”

तिची आई बॅग उचलायला वळली. मी हळूच विचारलं, “काकींनी तुला असं सांगितलं?”

सुवर्णा रिक्षात चढता चढता थांबली. माझा हात अजून तिच्या हातात होता.

“मला तुझ्याबरोबर धाडलं ना?” ती म्हणाली. “अजून कसं सांगायचं असतं गो?”